चाळिशीचा नंबर आणि नोंदवही

वाचनाच्या चष्म्याला मराठीने ‘चाळिशी’ असे नाव दिले आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली की हातातील पोथी हळूहळू डोळ्यांपासून दूर सरकू लागते, सुईत दोरा ओवण्यासाठी घरातील पोराला हाक मारावी लागते, काट्यावरचा आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. आणि मग एके दिवशी पांढुर्णा-सौंसर भागातील एखादा संत्रा-बागायतदार चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो. समोरचा मनुष्य भिंगे बदलीत विचारतो, “हे बरे दिसते, की ते?” बागायतदार प्रामाणिकपणे उत्तर देतो. परंतु भिंगे बदलणाऱ्या त्या हाताला ही विद्या कोणी शिकविली, तिची परीक्षा कोणी घेतली आणि त्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाहीत. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधविक्रेता या साऱ्यांच्या बाबतीत ह्या प्रश्नांची उत्तरे कायद्याने फार पूर्वीच दिली; नंबर काढणाराच तेवढा दीर्घकाळ नोंदवहीबाहेर राहिला. असे का झाले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस जन्मास आला. १३०६ साली फ्लॉरेन्स येथे जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनात सांगितले, की ह्या कलेचा शोध लागून अद्याप वीस वर्षेही झाली नाहीत. त्याच सुमारास व्हेनिसच्या कारागिरांच्या संघाने नियम केला, की साधी काच स्फटिक म्हणून विकू नये. चष्म्याविषयीच्या अगदी आरंभीच्या नियमांपैकी हा एक. पण नियमन कशाचे झाले? काचेचे! ती ज्या डोळ्यावर चढावयाची, त्या डोळ्याचा विचार त्यात नव्हता. पुढे १६२९ मध्ये लंडनच्या चष्मे करणाऱ्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली, तीही मालाची प्रत राखण्यासाठीच. चष्मा ही बाजारातील एक वस्तू होती. गिऱ्हाइकाने टोपलीतले पाच-दहा चष्मे नाकावर ठेवून पाहावेत आणि त्यातल्या त्यात बरा तो उचलावा, अशीच रीत होती.

ही रीत मोडली ती एकोणिसाव्या शतकात. हेल्महोल्ट्झ याने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र सिद्ध केले. स्नेलन याने १८६२ मध्ये उतरत्या अक्षरांचा तक्ता तयार केला, आणि दोनच वर्षांनी दोन्देर्स याने दृष्टिदोषांची शास्त्रशुद्ध मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आता नंबर ही अंदाजाची गोष्ट राहिली नाही. ते मोजमाप झाले. मोजमाप आले की मोजणाऱ्याच्या पात्रतेचा प्रश्न येतोच. न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेंटिस नावाच्या चष्मेवाल्याने १८९० नंतरच्या काळात केवळ डोळे तपासण्याचे तीन डॉलर घेतले, तेव्हा तेथील नेत्रवैद्यांनी हरकत घेतली. चष्म्याची किंमत घेण्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. सल्ल्याची किंमत घेतली, हा आक्षेप होता. त्या वादातून एक नवा व्यवसाय कायद्यापुढे उभा राहिला. मिनेसोटा राज्याने १९०१ मध्ये दृष्टिमापनाचा पहिला कायदा केला, आणि पुढील पाव शतकात अमेरिकेतील इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. आधी ठराविक शिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी, अशा तीन पायऱ्या तेथे ठरत गेल्या. इंग्लंडने असा कायदा १९५८ मध्ये केला.

आपल्याकडे काय घडले? पांढुर्णा त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होते. त्या प्रांताचा डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१६ चा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ह्या बाबतीत विलक्षण वेगाने पावले पडली. १९४७ मध्ये परिचारिकांचा कायदा झाला. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा आणि औषधविक्रेत्यांचा झाला. चुकीच्या पुडीने मनुष्य दगावतो हे सर्वांना पटत होते. चुकीच्या नंबराने मनुष्य मरत नाही. तो फक्त डोके दुखते म्हणतो, किंवा त्याचे मूल अभ्यासात मंद ठरते. ही हानी आवाज न करणारी असल्यामुळे कायद्याच्या कानी पडली नाही.

१९५८ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या कायद्याच्याच वर्षी, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेखाली अलीगढ आणि हैदराबाद येथे दृष्टिमापनाच्या दोन शाळा निघाल्या. शिक्षण आले, नोंदणी मात्र आली नाही. १९७६ मध्ये अंधत्व-निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नेत्रसहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचू लागले. १९८५ मध्ये चेन्नईत, त्या वेळच्या मद्रासमध्ये, चार वर्षांच्या शिक्षणक्रमाचे महाविद्यालय उभे राहिले. पदव्या वाढत गेल्या, पण पदवीधर आणि पदवी नसलेला यांच्यातील भेद सांगणारी देशव्यापी यादी कोठेच नव्हती.

सरहद्दीवरील गावांना ह्या उणिवेची आणखी एक बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, तर छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातील मराठी बोलणारे पांढुर्णा व सौंसर, मध्यप्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली. बाजारहाट, सोयरीक आणि रुग्णालय यांची वाट नागपूरचीच राहिली. पुढे मध्यप्रदेशाने २००० च्या कायद्याने आपली सह-चिकित्सीय परिषद निर्माण केली. महाराष्ट्राचा परावैद्यक परिषदेचा कायदा २०११ चा. जी मुलगी नागपुरात शिकून पांढुर्ण्यात व्यवसाय करू पाहते, तिच्यापुढे म्हणून दोन राज्यांचे दोन दरवाजे उभे राहतात. डोळा दोन्हीकडे एकच, भिंगाचे गणितही एकच. वह्या तेवढ्या वेगळ्या.

ह्या विस्कळीतपणावर उपाय म्हणून संसदेने मार्च २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टिमापनतज्ज्ञ, याचे नाव आले. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत पसरलेले किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, असे कायदा म्हणतो. प्रवेशासाठी सामाईक परीक्षा, शेवटी एकसमान निर्गम अथवा परवाना परीक्षा, प्रत्येक राज्यात परिषद, राज्याची नोंदवही आणि तिच्या जोडीला केंद्रीय नोंदवही, अशी त्याची रचना आहे. मिनेसोटाने घातलेल्या पायऱ्या एकशे वीस वर्षांनी येथे कागदावर उतरल्या. कागदावर असे म्हणण्याचे कारण, की राज्यांच्या परिषदा स्थापन होण्यास विलंब झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी ऑक्टोबरपर्यंतची मुदत घालून द्यावी लागली.

नोंदवहीमुळे वडिलोपार्जित दुकानात वर्षानुवर्षे इमानाने काम करणारा उपरा ठरेल की काय, अशी भीती साहजिक आहे. औषधविक्रेत्यांच्या १९४८ च्या कायद्याने पहिल्या नोंदणीच्या वेळी अनुभवी माणसांना वाट ठेवली होती, हे येथे आठवावे. अनुभवाचा मान राखलाच पाहिजे. मात्र अनुभव तपासून घेण्यास कोणी कमीपणा मानू नये. कारण दृष्टिमापनाचे खरे कसब नंबर काढण्यापुरते नाही. कोणत्या डोळ्याला चष्मा देऊ नये, हे ओळखणे त्याहून मोठे आहे. काचबिंदू दुखत-खुपत नाही. मधुमेह नेत्रपटलाची झीज गुपचूप करीत असतो. अशा वेळी नवा नंबर देणारा गिऱ्हाईक राखतो, आणि “आधी नेत्रवैद्याकडे जा” असे सांगणारा दृष्टी राखतो.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालये येतात, नव्या पाट्या लागतात. त्यांतच एक लहानशी पाटी चष्म्याच्या दुकानाच्या भिंतीवर, नाव आणि नोंदणी क्रमांक दाखवणारी, लागावयास हवी. पायरी चढणाऱ्या बागायतदाराला ती चष्म्यावाचून वाचता येणार नाही कदाचित. पण सोबतच्या नातवाला ती येईल. त्याने ती मोठ्याने वाचावी, आणि मग आजोबांनी निर्धास्त मनाने खुर्चीवर बसावे.