घर एक, पत्ते तीन

गेल्या शनिवारी कोल्हापूरला घरी होतो. कुरिअरवाल्याचा फोन आला, "सर, पत्ता सापडेना." त्याच्या कागदावर होतं 'ए वॉर्ड, शिवाजी पेठ' आणि पुढं एक नंबर. आईनं माझ्या हातातला फोन घेतला. "अरे बाळा, तालमीच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून!" दोन मिनिटांत पोरगा दारात हजर.

माझ्या धंद्यात ह्याच भानगडीनं माझे तीन आठवडे खाल्ले होते. मी डिव्हाइस ड्रायव्हर लिहितो. प्रोग्रॅमला दिसतो तो व्हर्च्युअल पत्ता. रॅममधला खरा पत्ता म्हणजे फिजिकल, आणि एकाचं दुसऱ्यात भाषांतर सीपीयूतला एमएमयू करतो. पण नेटवर्क कार्ड डीएमए करतं, म्हणजे सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत लिहितं, तेव्हा ते ह्या एमएमयूच्या वाटेनं जातच नाही. त्याला बसवरून दिसणारा पत्ता लागतो, आणि तो तिसराच असू शकतो.

मंडळी, गंमत अशी की पुण्यात घडलेल्या पहिल्या परमला ही कटकट नव्हतीच. हवा तसा क्रे अमेरिका देईना, म्हणून १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या टीमनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्यात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ह्या चिपमध्ये एमएमयू नव्हता. शेजारच्या चिपशी बोलायला चार लिंक्स. लिंकला पॉइंटर द्या, किती बाइट ते सांगा. ती स्वतःच मेमरीतून उचलून पाठवते आणि सीपीयू दुसऱ्या कामाला मोकळा. प्रोग्रॅमचा पत्ता तोच रॅमचा, तोच लिंकचा. (पत्ते सुरू व्हायचे सगळ्यात मोठ्या ऋण संख्येपासून, हा विक्षिपणा वेगळा!) अर्थात संरक्षणही शून्य. पॉइंटर चुकला तर अडवायला कोणी नाही.

१९९८ साली परम १०००० आला, तो सनच्या अल्ट्रास्पार्क सर्व्हरवर. इथं पीसीआय बसच्या दारात आयओएमएमयू, म्हणजे कार्डांसाठी वेगळा भाषांतरकार. सोलारिसवर ड्रायव्हरनं आधी मेमरी बांधून घ्यायची, मग सिस्टिम देईल तो पत्ता कार्डाला द्यायचा. फिजिकल पत्ता दिलात तर कार्डाच्या दृष्टीनं ते घर नाहीच.

लिनक्सवाले मात्र तेव्हा पीसीच्या दुनियेत. तिथं बसचा पत्ता आणि फिजिकल पत्ता एकच असायचा, त्यामुळं virt_to_bus सारखं साधं गणित पुरायचं. ते ड्रायव्हर स्पार्कवर न्यायचे म्हटल्यावर गणित मोडलं. मग स्पार्क पोर्टवाल्या डेव्हिड मिलर आणि मंडळींनी डीएमए मॅपिंगचे नियम लिहून काढले, आणि जानेवारी २००१ मधल्या २.४ कर्नलमध्ये ते आले.

ते सगळं वाचूनही मी २००८ साली माती खाल्लीच. आमचं कार्ड ३२ बिटांचं. मी virt_to_phys नं पत्ता काढला आणि खालचे ३२ बिट कार्डात लिहिले. ऑफिसातल्या मशीन २ जीबीच्या, सगळं मस्त चाललं. ग्राहकाची मशीन ८ जीबीची. बफर ५ जीबीच्या आसपास पडला की वरचा बिट कापला जायचा आणि कार्ड १ जीबीपाशी लिहायचं. तिथं राहणारा कोण? कधी कुणाचा स्टॅक, कधी डेटाबेसचं पान. एरर कुठंच नाही, कारण कार्डानं सांगितलेलंच केलं होतं. ग्राहकाच्या दोन दिवसांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. बॅकअपमध्येही तीच सडलेली पानं होती.

दुरुस्ती किती? चारेक ओळी. dma_map_single म्हटलं की कर्नल स्वतःच ४ जीबीच्या खाली एक तात्पुरता बफर देतो आणि मजकूर इकडून तिकडं कॉपी करतो. थोडं हळू होतं, होऊ दे.

virt_to_bus ला २०२२ साली लिनक्स ६.० मध्ये बहुतेक ठिकाणांहून निरोप मिळाला. मी वापरलेलं virt_to_phys मात्र अजून आहे.