कागदावरच्या हजार स्त्रिया

१९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक निबंध आला. लेखक होते विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर असलेले रसायनतज्ज्ञ. मोजक्याच नमुन्यांच्या सरासरीवर कितपत विसंबावे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. गणिताने काढलेले उत्तर ताडून पाहण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या छापील नोंदी घेतल्या, एकेक नोंद पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. एकाही माणसाला पुन्हा न मोजता ७५० प्रयोग टेबलावर उरकले.

१९४६ साली आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम एकट्याने पत्ते खेळत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे जमेना. तेव्हा शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजावे, असे त्यांना सुचले. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना संगणकावर नेली आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी जुगाराच्या गावावरून तिला ‘मॉन्टे कार्लो’ हे नाव दिले. अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत वाढलेली ही रीत पुढे वैद्यकातही आली. हाडांच्या ठिसूळपणाचा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचा, अभ्यास आखताना तिची गरज का पडते, ते पाहण्यासारखे आहे.

रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, याकडे बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये लक्ष वेधले. पण ही झीज मोजायची कशी? आज वापरात असलेले डेक्सा यंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याच्या मोजमापातही एक-दीड टक्क्याची चूक राहते आणि वर्षाची झीजही साधारण तेवढीच. म्हणजे मोजायची वस्तू आणि पट्टीची थरथर जवळजवळ सारखी.

समजा, आपण कागदावर हजार स्त्रिया तयार केल्या. प्रत्येकीची झीज वर्षाला १ टक्का आणि दर मोजणीत दीड टक्क्याची यादृच्छिक चूक. वर्षाने पुन्हा मोजले, तर दर तिघींमागे एकीची घनता वाढलेली दिसेल, झीज सगळ्यांची सारखी असूनही! दोन वर्षांनी ही फसगत सहांत एकीची उरते, तीन वर्षांनी तेरांत एकीची. एवढा हिशेब हातानेही होतो. पण खऱ्या अभ्यासात कुणी औषध सोडते, कुणी गाव सोडते, कुणाची झीज वेगळीच असते. अशा वेळी किती स्त्रिया घ्याव्यात, किती वेळा मोजावे, किती वर्षे थांबावे, हे सूत्राने सुटत नाही. मग संगणकावर तोच अभ्यास हजारो वेळा करून पाहतात आणि कोणता आराखडा कमी माणसांत खरे उत्तर देतो ते निवडतात.

ही फसगत प्रत्यक्षातही दिसली. स्टीव्हन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की अलेन्ड्रोनेट हे औषध घेऊनही पहिल्या वर्षी ज्यांच्या खुब्याची घनता ४ टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली, त्यांतल्या ८३ टक्के स्त्रियांची घनता दुसऱ्या वर्षी वाढली. पहिल्या अहवालावरून औषध बदलले असते, तर चालणारे औषध हातचे गेले असते.

मग घनता सोडून थेट अस्थिभंगच का मोजू नयेत? कारण ते विरळ असतात. याच औषधाच्या १९९६च्या चाचणीत मणक्याचे हाड आधीच मोडलेल्या २०२७ स्त्रिया तीन वर्षे होत्या. मणक्याचे नवे अस्थिभंग १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. खुब्याचे मात्र २.२ वरून १.१ टक्क्यावर; म्हणजे दोन हजारांतही मोजके. घनतेवर भागवले, तर अभ्यास लहान आणि स्वस्त होतो. हा मोह मोठा असतो.

त्या मोहाची किंमत सहा वर्षे आधीच कळली होती. १९९० साली मेयो क्लिनिकच्या बी. लॉरेन्स रिग्ज यांनी सोडियम फ्लोराइडच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२ स्त्रिया, चार वर्षे. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. केवळ घनतेवर थांबले असते, तर औषधाचा जयजयकारच झाला असता. पण मणक्यांचे मोडणे लक्षणीयरीत्या कमी झाले नाही, आणि मणक्यांबाहेरचे अस्थिभंग २४ विरुद्ध ७२ असे वाढले. हाड दाट झाले होते, मजबूत झाले नव्हते.

‘दाट म्हणजे मजबूत’ हे गृहीत धरून कागदावरच्या स्त्रिया बनवल्या असत्या, तर त्यांतली एकही फ्लोराइडने मोडली नसती. मोजणीची चूक, गळती, विरळ घटना हे सारे संगणकाला दाखवता येते. आपण त्याला न सांगितलेली गोष्ट तो सांगू शकत नाही. म्हणून आराखडा करणाऱ्याने आपले गृहीत खोटे निघाले तर काय, असेही डाव मांडून पाहायला हवेत. मेयोच्या चाचणीत तो डाव खऱ्या स्त्रियांच्या हाडांवर खेळला गेला. पण त्यांचे अस्थिभंग कुणीतरी चार वर्षे मोजत राहिले, म्हणूनच ती चूक कळली.