फिल्म की डिजिटल? आधी 'चांगला' म्हणजे काय ते ठरवू या

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, 'सर, फोटो फिल्मचा चांगला की डिजिटलचा?' आपण लगेच बाजू घेतो. पण 'चांगला' कशासाठी, हे ठरलेलं नसतं, म्हणून वाद मिटत नाही. आज या प्रश्नाचा इतिहास पाहू.

१९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात शंभर गुणिले शंभर, म्हणजे १०,००० बिंदू होते. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये त्याच कंपनीने बाजारात आणलेल्या कॅमेऱ्यात बिंदू सुमारे १३ लाख झाले. तेव्हापासून आपल्याला पिक्सेल मोजायची सवय लागली. फिल्म मात्र अशी मोजता येत नाही. तिच्यातले चांदीच्या क्षारांचे कण लहानमोठे आणि कसेही विखुरलेले असतात, सेन्सरवरचे बिंदू ओळीने मांडलेले. फोटो खूप मोठा केला, तर एकीकडे दाणे दिसतात, दुसरीकडे चौकोन.

आता प्रकाशाचं बघा. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर येणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. तो वर जाता जाता हळूहळू वाकतो. म्हणूनच कडक उन्हातल्या पांढऱ्या धोतराच्या चुण्या निगेटिव्ह फिल्म सांभाळून घेते. सेन्सरचा बिंदू वाटीसारखा आहे. वाटी भरली की पुढचा प्रकाश वाया जातो, फोटोत कोरा पांढरा डाग उरतो.

मग डिजिटल हरलं का? नाही. अंधारात नेमकं उलट घडतं. १९६९ मध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत सीसीडी शोधला आणि पुढे खगोलशास्त्रज्ञांनी तो उचलून धरला. शंभर प्रकाशकणांपैकी प्लेट जेमतेम काहीच टिपायची, चांगला सीसीडी निम्म्याहून अधिक टिपतो. तरी हार्वर्डच्या वेधशाळेने पाच लाखांच्या आसपास काचेच्या प्लेटा जपल्या. एखादा तारा शंभर वर्षांपूर्वी किती तेजस्वी होता, याची साक्ष त्याच देतात. आज त्या वाचल्या जातात डिजिटल स्कॅन करूनच.

आमच्या घरी वडिलांच्या लग्नाच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात राहिल्या. खिडकीशी धरल्या की आजही चेहरे ओळखू येतात. नातीच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्यांहून कितीतरी स्पष्ट होते. हार्ड डिस्क बंद पडली आणि ते गेले. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. चूक आमचीच. पण टिकणं हाही दर्जाचाच भाग आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तेव्हा घरी जुन्या निगेटिव्ह असतील तर स्कॅन करा, पण मूळ फेकू नका. फोनमधले निवडक फोटो कागदावर छापून घ्या. आज इथे थांबू या.