ओबोचं वजन आणि ओबोचा सूर

ओबो हे पाश्चात्त्य वाद्य आपल्या सनईच्या नात्यातलं. दोघांनाही दुहेरी पत्ती, दोघांचीही नळी आतून निमुळती. वाद्यवृंद सुरू होण्यापूर्वी बाकीची वाद्यं ज्या सुराला जुळवतात, तो सूर सहसा ओबोच देतो. लाकूड जड म्हणून सूर इतका ठाम, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. वर्गातही एक-दोनदा सांगून झालं असेल.

इतिहास मात्र वेगळं सांगतो. ओबो घडला १७व्या शतकात, फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या काळात. तो बॉक्सवुड नावाच्या पिवळसर लाकडाचा असे. अंगावर दोन-तीनच कळा, त्यामुळे वाद्य हलकं. बाखने (मृत्यू १७५०) ओबोसाठी जे लिहिलं, ते याच हलक्या वाद्यासाठी. त्या सुराला कमकुवत कोण म्हणेल?

१९व्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर घराण्याने आणि पुढे १८८१ साली स्वतःचा कारखाना काढणाऱ्या फ्राँस्वा लोरे यांनी ओबोचं रूप पालटलं. आतली पोकळी अरुंद झाली, भोकांच्या जागा बदलल्या, कळांचं जाळं आलं आणि लाकूडही बदललं. आफ्रिकेतलं काळं ग्रेनडिला आलं; ते इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. एवढे बदल एकाच शतकात झाले आणि श्रेय मिळालं डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला जड लागणाऱ्या लाकडाला!

वास्तविक सूर काढते ती पत्ती आणि आतली हवा. १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन बासऱ्या आतून अगदी सारख्या मापाच्या करून ऐकवल्या. न पाहता ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. प्रयोग बासरीवरचा आहे, तो ओबोला जसाच्या तसा लावणं घाईचं होईल. पण विचार करायला लावतो खरा.

मग जड लाकूड निरुपयोगी का? नाही. बॉक्सवुड श्वासाच्या ओलीने वाकतं. घट्ट लाकडात पोकळी नेमकी कोरता येते, भोकांच्या कडा रेखीव राहतात, कळांचे खांब पक्के बसतात. म्हणजे लाकूड सूर देत नाही, सुराचं माप सांभाळतं. तेही कधी तडकतंच, म्हणून वरचा भाग प्लास्टिकचा केलेले ओबोही वाजतात. वजनाचा भार सोसतो तो वादकाचा उजवा अंगठा.

या समजुतीची किंमत झाडही मोजतं. ग्रेनडिला आपल्या शिसवीच्याच कुळातलं, फार सावकाश वाढणारं. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

'नंतर घडलं' म्हणजे 'त्यामुळे घडलं' नव्हे, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. ओबोच्या बाबतीत मात्र स्वतःच विसरलो. असो. चूक उशिरा कळली, पण कळली.