स्वमग्नता व दृष्टिसंपर्क

दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणे आणि त्याच्या नजरेच्या रोखावरून त्याचा हेतू ओळखणे, हा मानवी सामाजिक व्यवहाराचा पाया होय. स्वमग्न मुलांत या दोन्ही क्रिया वेगळ्या रीतीने घडतात. या वेगळेपणाचा शास्त्रज्ञांनी लावलेला अर्थ मात्र काळानुसार बदलत गेला आहे.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ञ लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची वृत्ते प्रसिद्ध केली. त्यांतील काही मुले माणसांच्या चेहऱ्याकडे न पाहता वस्तूंत रमत, असे त्यांना आढळले. व्हिएन्नातील हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) यांनीही १९४४ मध्ये अशा मुलांच्या नजरेचे वेगळेपण नोंदविले. पुढे मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, भावनिक थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, ही समजूत पसरली. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने तिला बळ दिले व असंख्य मातांना अकारण दोष सोसावा लागला. वस्तुतः बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच जैविक कारणांचा पक्ष मांडला होता. हट व औनस्टेड यांनी १९६६ मध्ये, नजर टाळणे हा अतिरिक्त उत्तेजना कमी करण्याचा उपाय असावा, असे सुचविले. याच सुमारास इव्हार लोवास (१९२७–२०१०) यांच्या वर्तनोपचारपद्धतीत बक्षिसांच्या साहाय्याने दृष्टिसंपर्क शिकविण्यावर भर दिला जाऊ लागला.

सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक साधी चाचणी योजली. मध्यभागी एक चेहरा, भोवती चार मिठाया व त्यांपैकी एकीकडे वळलेली नजर, असे ते चित्र होते. चेहरा कोठे पाहतो, हे स्वमग्न मुले सांगू शकत. परंतु त्याला कोणती मिठाई हवी आहे, हे नजरेवरून ताडणे त्यांतील बहुतेकांना जमले नाही. म्हणजे अडचण दिशा दिसण्यात नसून तिच्यातून मन वाचण्यात होती.

एकविसाव्या शतकात या अभ्यासात नेत्रगतीच्या यांत्रिक मापनाचा वापर वाढला. क्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ मध्ये असे आढळले की, चित्रपट पाहताना स्वमग्न तरुणांची दृष्टी डोळ्यांपेक्षा तोंडाकडे अधिक जाते. जोन्स व क्लिन यांनी २०१३ मध्ये दाखविले, की पुढे स्वमग्न ठरलेली अर्भके दुसऱ्या महिन्यात इतरांप्रमाणेच डोळ्यांकडे पाहतात; दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांदरम्यान हे प्रमाण घटू लागते. अर्थात ही क्षमता जन्मतःच नसते, असे म्हणता येत नाही.

नजर भिडताच अस्वस्थता वाटते किंवा ऐकण्यावरील लक्ष ढळते, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी स्वतः सांगितले आहे. त्यामुळे दृष्टिसंपर्काची सक्ती कितपत इष्ट, याविषयी उपचारक्षेत्रात फेरविचार झाला. मूल डोळ्यांत पाहत नाही, एवढ्यावरून ते ऐकत नाही किंवा त्याला माया नाही, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरते.