फॅटचा आकडा आणि कपिला गाय

कुडाळ-कणकवलीकडच्या एखाद्या दूध केंद्रावर सकाळी उभे राहून बघा. किटलीतले दूध मापले जाते, नमुना तपासला जातो आणि पावतीवर फॅटचा आकडा पडतो. त्यावर भाव ठरतो. हा आकडा आला कुठून?

पूर्वी दूध मापावर विकले जाई. पाणी घालणाऱ्याचा फायदा, दाट दूध आणणाऱ्याचा तोटा. 1890 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी यावर तोड काढली. दुधात गंधकाम्ल घालायचे, नळी गरगर फिरवायची. स्निग्धांश सुटा होऊन वर येतो, तो मोजायचा. पाठोपाठ स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांची पद्धत आली. आपल्या डेअऱ्यांत वर्षानुवर्षे चालली ती हीच.

म्हणजे ही तपासणी जन्मली चोरी पकडायला. तिचा दुसरा उपयोग ओळखला डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी. 1895 साली वायेन या गावी त्यांनी मंडळ काढले. मंडळाचा माणूस गोठ्यागोठ्यांत जाऊन एकेका गायीचे दूध, त्यातला स्निग्धांश आणि तिने खाल्लेला चारा लिहून ठेवू लागला. कुठल्या गायीची वासरे ठेवायची, ते वहीवरून कळू लागले. वळू तर दूध देत नाही. त्याची पारख पुढे त्याच्या लेकींच्या नोंदींवरून होऊ लागली.

यात एक मेख आहे. फॅटचे प्रमाण आईबापांकडून वासरात बऱ्यापैकी उतरते. पण दूध वाढले की ते बहुधा घटते. दोन लिटर दूध आणि पाच टक्के फॅट म्हणजे शंभर ग्रॅम स्निग्धांश. आठ लिटर आणि चार टक्के म्हणजे तीनशे वीस. नुसत्या टक्क्यावर भाळून चालत नाही.

आपल्या कोकणची गाय मात्र या वहीत कधी आलीच नाही. तिच्याकडून हवे होते जोताला बैल आणि शेताला शेण. मुसळधार पावसात, कातळावरच्या गवतावर जी तगली ती टिकली. निवड केली ती निसर्गानेच. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ संस्था काढली आणि संकरित गायींचे युग सुरू झाले. लहान चणीची, जास्त फॅटची म्हणून जर्सी डोंगराळ मुलखाला मानवेल असे ठरले. दूध वाढले, हे नाकारता येणार नाही. पण जिचे काही मोजलेच नव्हते, तिच्यावर हा संकर होत होता. 'कोकण कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंदली गेली ती 2018च्या सुमारास!

जातीची नोंद झाली, पण एकेका गायीची? केंद्रावरच्या पावतीवर नाव असते शेतकऱ्याचे. गोठ्यातल्या दोन कपिला आणि एक संकरित, तिघींचे दूध एकाच किटलीतून जाते. महिन्यातून एक दिवस तीन तांबे वेगळे भरले, तर डेन्मार्कची ती वही इथेही सुरू होईल.