नव्व्याण्णव टक्के

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला वाट पाहायला शिकवावे लागत नाही. गॅस, टेलिफोन आणि विरार फास्टमध्ये पाय ठेवण्यापुरती जागा, या तीन गोष्टींची वाट पाहत आमच्या पिढीचे केस पिकले. गेल्या तीस वर्षांत या अभ्यासक्रमात आणखी एक विषय आला. त्याचे नाव डाउनलोड.

त्यातही ऑपरेटिंग सिस्टिमचे डाउनलोड म्हणजे थेट एम.ए.चा पेपर. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी. तुम्ही 'क' दाबलात की पडद्यावर 'क' उमटावा, ही व्यवस्था तो पाहतो. तो नसेल तर संगणक म्हणजे दिवा असलेला पाट. हा कारभारी पूर्वी खोक्यात बसून दुकानातून येई. हल्ली तारेतून येतो, आणि वाटेत बसकण मारतो.

आपल्याकडे ही तार आधी विद्वानांच्या घरी गेली. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात जुहूची एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. या दोन्ही संस्था होत्या. म्हणजे उपनगरात इंटरनेट आले ते असे, की जुहूच्या विद्वानाने पवईच्या विद्वानाला पत्र धाडावे आणि मधल्या अंधेरीकराला पत्ता नसावा. सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी दार उघडले. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातले ५०० रुपयांचे खाते निघाले, पण त्यात फक्त अक्षरे दिसत. चित्रे बघायची तर बापाचा खिसा मोठा हवा.

सुरुवातीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. त्या वेगाने ७०० एम.बी.ची एक सीडी उतरवायला, मध्ये काहीही न बिघडता, पावणेसात दिवस लागतात. सत्यनारायण, बारसे आणि एक छोटे आजारपण एवढ्यात आटोपते. पुढे ५६ के. मोडेम आला. प्रत्यक्षात सेकंदाला चार के.बी. पदरात पडले तरी लोक पेढे वाटायच्या बेतात असत. तरीही दोन दिवस आणि दोन रात्री हव्यातच. तेवढा वेळ टेलिफोन अडकलेला. आणि ६०० एम.बी. उतरल्यावर आतल्या खोलीतली आजी दादरच्या बहिणीला फोन लावायला जोडफोनचा रिसीव्हर उचलणार, हे विधिलिखित. "अगो बाई, हे काय कुईं कुईं वाजतंय?" म्हणेपर्यंत सगळे पाण्यात.

१९९७च्या जानेवारीत वेबचा जो नवा नियम लिहिला गेला, त्यात फाइल मधूनच पुढे मागण्याची सोय आली. तिचा फायदा घेणारे डाउनलोड मॅनेजर निघाले आणि पुष्कळ घरांत आजीशी पुन्हा बोलणे सुरू झाले.

पण उपनगरातला हुशार पोरगा या भानगडीत पडतच नसे. तो रविवारी ग्रँट रोडला उतरे, लॅमिंग्टन रोडवरून सीडी घेई आणि स्लो लोकलने तासाभरात बोरिवलीला परते. तासाला ७०० एम.बी. म्हणजे चार के.बी.च्या जवळजवळ पन्नासपट वेग! पश्चिम रेल्वेला कोणी वेगवान म्हटल्याचा हा एकमेव प्रसंग असावा. लिनक्स तर संगणकाच्या मासिकांबरोबर येई, आणि २००५ ते २०११ या काळात उबुंटूवाले मागेल त्याला टपालखर्चासकट फुकट सीडी पाठवीत. ज्या घरात धड तार नव्हती, तिथे कारभारी पोस्टमनच्या पिशवीतून आला. त्या सीडीवर शिकून पुढे कितीजण पोटाला लागले!

तारेतला माल अडतो का, याचेही शास्त्र आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेत बर्कलीला दोन संस्थांमध्ये अवघे ४०० यार्ड अंतर असताना सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४०वर आला. कारण ऐकून बोरिवलीकराला नवल वाटणार नाही. जे पोचले नाहीत ते पुन्हा पाठवले जात, त्यामुळे गर्दी वाढे, म्हणून आणखी कमी पोचत. संध्याकाळी साडेसहाच्या रेल्वे पुलावर याहून वेगळे काय होते? व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात उपाय मांडला: हळू सुरुवात करा, जमेल तसा वेग वाढवा, आणि माल हरवला की मुकाट्याने मागे सरा. डाउनलोड आरंभी रेंगाळते ते या शहाणपणामुळे. हा निबंध पुलावर लावावा, अशी आमची सूचना आहे.

शिवाय तार लांबची. समुद्राखालून येणाऱ्या कित्येक केबली आमच्या अंधेरीत, वर्सोव्याला वर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट लंगडले. म्हणजे बिघाड क्लिओपात्राच्या गावी आणि शिव्या गल्लीतल्या केबलवाल्याला!

आता तार फायबरची झाली म्हणून अडणे थांबले असे नाही. विंडोज १०चा सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा लॅपटॉप मामाने वापरून दिलेला. त्यावर विंडोज ११ चढेना. नवा घ्यायचा तर वडिलांची नोकरी दिवाळीआधीच सुटलेली. सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचे. लिनक्स घालायचे ठरले. फाइल सहा जी.बी.ची, लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून थेट पेनड्राइव्हवर उतरवायला लावली. चार जी.बी.ला थांबली. पुन्हा लावली, पुन्हा चारला थांबली.

मग सोसायटी जमली. "वायफाय काढा, वायर लावा." "राउटर खिडकीत ठेवा." इंटरनेटवाल्याच्या फोनवरच्या मुलाने बंद करून चालू करायला सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, "गच्चीवर उंदरांनी वायर कुरतडली असणार." या गृहस्थांच्या मते पाणी कमी येते तेही उंदरांमुळेच.

मुलगी मात्र गप्प बसून आकडे पाहत होती. "काका, नेट खराब असतं तर दर वेळी वेगळीकडे थांबलं असतं ना? हे नेमकं चारलाच का अडतं?" पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेला होता. त्या पद्धतीत एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपुढे जागाच नसते. तार निर्दोष, उंदीर निर्दोष! तिने पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने आखला आणि फाइल सबंध उतरली.

तरीही तिने घाई केली नाही. उतरलेल्या फाइलवरून ६४ अक्षरांचा ठसा काढता येतो. देणाऱ्याने छापलेल्या ठशाशी तो जुळला तरच माल अस्सल. तिने तो आईला मोठ्याने वाचायला लावला. चौसष्टावे अक्षर जुळले तेव्हा माउलीच्या डोळ्यांत पाणी होते. रविवारी रात्री लॅपटॉप सुरू झाला, सोमवारी प्रोजेक्ट गेले.

सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात गच्चीवर पिंजरा लावला. अजून एकही उंदीर सापडलेला नाही.